गंजलेली एमजीबी उभी करून विकायची कशी: नवख्यांसाठी

एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, बघायला निघालात तर तीन गोष्टी बरोबर घ्या: फ्रिजला लावतो ते लोहचुंबक, टॉर्च, आणि वाया गेले तरी चालतील असे कपडे. बँकेचं कार्ड घरीच ठेवा. पहिल्या भेटीत गाडी आवडतेच. छप्पर उघडं असतं, क्रोम चकाकत असतं, मालक चहा देतो. अशा वेळी खिशात पैसे नसलेले बरे.

मी इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहते. ॲबिंग्डन इथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्याच कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनली, पाच लाखांहून जास्त. माझी पहिली एमजीबी १९७१ सालची. ३,८०० पौंडांना घेतली, तीन हिवाळे खपून ९,६०० पौंड खर्च केले आणि ११,२५० ला विकली. म्हणजे माझे तास फुकट धरूनही २,१५० पौंड गेले. दुसऱ्या गाडीत खर्च निघाला, कारण तोवर कुठे बघायचं ते कळलं होतं. हा लेख त्या फरकाबद्दल आहे. दोन पैसे कमवायचे म्हणून कोणी यात पडत असेल तर आत्ताच थांबा. छंदाचा खर्च विकताना बराचसा वसूल व्हावा, एवढीच आशा धरा.

कुठली गाडी घ्यायची

ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत नवख्याने एमजीबीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली दिसायला जास्त देखण्या असतील, पण एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आणि प्रत्येक बुश आजही नवा मिळतो. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर अख्खी नवी बॉडी काढायला सुरुवात केली. एवढी सोय दुसऱ्या फार थोड्या गाड्यांना आहे.

दोन प्रकार आहेत. उघड्या छपराची रोडस्टर, आणि १९६५ पासून आलेली पक्क्या छपराची जीटी. रोडस्टरला भाव जास्त. जीटी स्वस्त मिळते, पण उभी करायला तेवढाच खर्च येतो, म्हणून विकायचीच असेल तर रोडस्टर बघा. १९७४ च्या शरद ऋतूपासून अमेरिकेच्या नियमांसाठी क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी आले आणि गाडी दीड इंच उंच झाली. वळणावर ती जरा झुलते. या रबरी बंपरवाल्या गाड्यांना आजही कमी पैसे मिळतात. बिचाऱ्या वाईट नाहीत, पण बाजार बाजार असतो.

नंबरप्लेटपेक्षा चासी नंबर बघा. जीएचएन ने सुरू होणारा नंबर रोडस्टरचा, जीएचडी ने सुरू होणारा जीटीचा. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून फी भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कुठल्या दिवशी बनली, मूळ रंग कुठला, कुठल्या देशासाठी, सगळं त्यात असतं. माझी लालभडक गाडी जन्माने ग्लेशियर व्हाइट निघाली. तेही उत्पादनाच्या वहीतून कळलं, विकणाऱ्याकडून नाही.

सिल, सिल आणि सिल

इथे मी रेंगाळणार आहे, कारण पैसा इथेच जातो.

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे गाडी मधोमध वाकू नये हे काम दाराखालच्या दोन सिलवर पडतं. घराला जसा उंबरा, तसा गाडीला सिल. फरक इतकाच की इथला उंबरा काढला तर घरच मोडतं. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण सिल असते तीन पदरी: बाहेरची सिल, मधला उभा पडदा, आणि खालून किल्ल्याच्या तटासारखी दातेरी पट्टी, जिला इथे कासल रेल म्हणतात. या दात्यांमधून पाणी निथळतं. चिखल साचला की दाते बुजतात, पाणी आत राहतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात; बाकीचं काम ते करतं.

मग लोक काय करतात? सडलेली सिल काढत नाहीत, तिच्यावरच नवा पत्रा झाकतात. वर लांबी (खड्डे भरायची पुट्टी), वर प्रायमर, वर रंग. माझ्या पहिल्या गाडीत हेच होतं. विकणारा म्हणाला, सिल नव्या टाकल्यात. खोटं नव्हतं ते. नव्या टाकल्या होत्या, जुन्यांच्या डोक्यावर.

ओळखायचं असं. गाडीखाली आडवे व्हा आणि टॉर्च मारा. दातेरी पट्टी दिसली पाहिजे. तिथे सपाट पत्रा असेल तर झाकपाक झालीय. मग लोहचुंबक सिलवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून, पुढच्या मडगार्डाच्या खालच्या वीतभर भागावरून फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे लांबी आहे. शेवटी मालकाची परवानगी घेऊन जॅक लावा, गाडीच्या जॅकिंग पॉइंटलाच. चाक जमिनीवरून उचलल्यावर त्या बाजूचं दार उघडून बंद करून बघा. दार अडकलं, किंवा वरची फट बारीक झाली, तर सिलमध्ये जीव नाही. जॅकिंग पॉइंटच चुरगळत असेल तर दार उघडायची गरजच नाही, नमस्कार करून निघा.

उरलेली तपासणी पटकन: कार्पेट उचलून फ्लोअर, मागच्या पाट्यांचे पुढचे टांगे, सीटमागचा बॅटरीचा खण, हेडलाइटच्या वर मडगार्डाचा माथा. तारेची चाकं असतील तर हँडब्रेक ओढून मागचं चाक हाताने मागे-पुढे हलवा. खट्ट आवाज आला तर हबच्या दात्या झिजल्यात. इंजिनची काळजी सगळ्यात शेवटी करा. इंजिन दुरुस्त करणं सिलपेक्षा सोपं आणि स्वस्त.

कागद आणि जागा

गाडी घेताना व्ही५सी हे लॉगबुक हातात असलंच पाहिजे. चासी नंबर जुळवून बघा. गाडी रस्त्यावर येणार नसेल तर डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला, तसं कळवायचं असतं, त्याला सॉर्न म्हणतात. ते ऑनलाइन होतं, फुकट आहे, पण विसरलात तर दंड.

जागा म्हणाल तर गाडीच्या चारी बाजूंनी माणूस फिरेल एवढी, आणि फरशी सपाट. गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. घोड्या (ॲक्सल स्टँड) लावा, मग गाडी हाताने हलवून बघा, मगच खाली शिरा. पाने मिलिमीटरचे चालत नाहीत. एमजीबीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. सात-षोडशांश, अर्धा, नऊ-षोडशांश एवढ्या पान्यांनी निम्मं काम होतं. तेराचा पाना अर्ध्या इंचीच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की डोकं गोल करून ठेवतो.

सुटे केलेले बोल्ट पिशव्यांत घालून नाव लिहा, प्रत्येक पायरीचे फोटो काढा. हे फोटो पुढे विकताना सोन्यासारखे उपयोगी पडतात, त्याबद्दल खाली.

पत्राकाम

वेल्डिंग येत नसेल तर सिलवर शिकू नका. मी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले, भंगार पत्र्यावर दोन महिने हात बसवला, आणि तरीही पहिल्या बाजूला अनुभवी वेल्डर रोजावर बोलावला. काढणं, घासणं, बसवून बघणं आपण करायचं, त्याने फक्त टाके मारायचे. असं केलं की त्याचे तास निम्म्यावर येतात.

क्रम असा ठेवा. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी डिक्कीखाली असते, ती रिकामी करून उतरवा. कार्पेट, सीट बाहेर. गाडी सस्पेन्शनवर टेकवा, म्हणजे रस्त्यावर उभी असताना जसा भार असतो तसाच राहील. मग दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी आडवा टेकू पक्का करा. टेकू न लावता सिल कापली तर रोडस्टर केळ्यासारखी वाकते, आणि नवी सिल त्या वाकड्या मापाला वेल्ड होते. मग दार आयुष्यात नीट लागत नाही.

एका वेळी एकच बाजू. जुनी सिल पूर्ण उघडायची तर मडगार्डांचे खालचे कोपरे कापावे लागतात, कारण सिलची दोन्ही टोकं त्यांच्या आत लपलेली असतात. कोपरे न कापता जो सिल बदलून देतो म्हणेल, तो झाकपाकच करणार. आधी फ्लोअर आणि कासल रेल, मग मधला पडदा, शेवटी बाहेरची सिल. प्रत्येक पत्रा आधी क्लॅम्पने धरून दार आणि पुढचं मडगार्ड लावून बघायचं. फटी सारख्या दिसल्या तरच टाके. मी एकेका बाजूला दार अकरा-बारा वेळा चढवलं-उतरवलं. जोडात दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा, वेल्डिंग चालणारा प्रायमर लावा. काम थांबवल्यावर तासभर तिथेच बसा. कार्पेटखालचा जुना नमदा आतल्या आत धुमसत राहतो.

रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारायचा, निथळायची भोकं न बुजवता. याला चाळीस पौंड लागत नाहीत आणि याच्याशिवाय केलेलं पत्राकाम दहा वर्षांत पुन्हा करावं लागतं.

रंगाचं काम मी बाहेर दिलं. त्याबद्दल एकच सांगते: मूळ रंगावर परत जायचं असेल तर बॉनेटखाली, डिक्कीत, दाराच्या कडांनाही तोच रंग हवा. नाहीतर आहे तोच ठेवा. अर्धवट रंग बदललेली गाडी विकायला सगळ्यात अवघड.

इंजिन, आणि बाबांचा फोन

१७९८ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन. आपल्या अँबॅसडरमधलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरला वर्कशॉप होतं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन बॉनेटजवळ धरला.

‘‘अगं, टॅपेट वाजतंय की,’’ ते म्हणाले. गाडी त्यांनी अजून बघितलीही नव्हती.

‘‘बाबा, मागच्याच आठवड्यात केलेत.’’

‘‘गेज घालून केलेस का अंदाजाने? आणि नऊचा हिशेब धरलास ना?’’

नऊचा हिशेब म्हणजे असा. व्हॉल्व्ह आठ. इंजिन हाताने फिरवत एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करायचा आणि नऊमधून त्याचा नंबर वजा करायचा. येईल त्या नंबरचं टॅपेट सेट करायचं. पहिला उघडा तर आठवा, तिसरा उघडा तर सहावा. टॅपेटची फट ०.०१५ इंच. मी पाचवा उघडा असताना तिसरा केला होता. पाच अन् तीन आठ. उद्यमनगरची नाचक्की.

वर्षानुवर्षं बंद गाडी लगेच स्टार्टर मारून उठवू नका. प्लग काढा, चारी सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, एक रात्र मुरू द्या, मग हाताने फिरवा. जुनं पेट्रोल आणि ऑइल काढून नवं २०डब्ल्यू५० घाला. प्लग न लावताच स्टार्टर फिरवून ऑइलचं प्रेशर काट्यावर आलं की प्लग लावा. किल्ली फिरवल्यावर मागून टक्-टक्-टक् ऐकू येईल. घाबरू नका, तो इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. टकटक थांबली की कार्बोरेटर भरले. थांबलीच नाही तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी कोरडी आहे. इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत प्रेशर पन्नासच्या पुढे हवं.

पेट्रोल ई५ घाला, म्हणजे फार तर पाच टक्के इथेनॉलचं. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे; त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. पाइप तर सगळे नवेच टाका. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का तेही विचारा. या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर चालायच्या, आणि ते २००० पासून पंपावरून गेलं.

ब्रेक इंजिनच्या आधी करा. गाडी सुरू होणं मजेचं असतं, थांबणं गरजेचं. पुढे डिस्क, मागे ड्रम. सिलिंडर, पाइप, ऑइल सगळं नवं. पुढच्या किंगपिनला ग्रीसपंप मारणं मागचे मालक हमखास विसरलेले असतात. ३,००० मैलांना एकदा, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

वायरिंगचे विनोद खूप चालतात. लुकास कंपनीला इथे अंधाराचा राजकुमार म्हणतात. पण बहुतेक वेळा दोष अर्थिंगच्या गंजलेल्या टोकात असतो. पॉलिश पेपरने घासा. मात्र १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, नंतरच्यांत निगेटिव्ह. जोडण्याआधी तीनदा बघा.

विकताना

चाळीस वर्षांहून जुनी गाडी इथे हिस्टॉरिक वर्गात येते. रोड टॅक्स शून्य, पण अर्ज करून तो शून्य घ्यावा लागतो. फारसे बदल केले नसतील तर एमओटी या दरवर्षीच्या तपासणीतूनही सूट आहे. तरीही विकण्याआधी तपासणी करून घ्याच. सरकारी कमाल फी ५४.८५ पौंड. त्या एका कागदावर भावाची निम्मी घासाघीस बंद होते.

त्याहून मोठं काम करते फाइल. मी पाच इंच जाडीची केली: प्रत्येक बिल, जुन्या एमओटी, हेरिटेज सर्टिफिकेट, आणि सिलचे फोटो. सडकी सिल, कापलेली सिल, उघडा मधला पडदा, नवी कासल रेल, मेणाचा फवारा. तारखेनुसार. रंगाखाली काय आहे हे बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सगळ्यात वाईट ते धरून भाव करतो. फोटो दाखवले की त्याला धरायला काही उरत नाही. बघायला आलेल्या एका आजोबांनी गाडीकडे पाच मिनिटं पाहिलं आणि फाइल पाऊण तास वाचली. त्यांनीच घेतली.

जाहिरात मार्च-एप्रिलमध्ये टाका. ऊन पडलं की इंग्रज माणसाला उघडी गाडी हवीशी वाटते. नोव्हेंबरमध्ये त्याच गाडीला हजार पौंड कमी सांगतील. दोष स्वतःहून लिहा. मी लिहिलं होतं: दुसऱ्या गिअरला थंड असताना खरखर, छपराच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी. खाजगी विक्रीत हमी नसते, पण खोटं वर्णन केलं तर खरेदीदार कोर्टात जाऊ शकतो. भावासाठी जाहिरातींतले आकडे धरू नका, ते मालकांचं स्वप्न असतं. लिलावात खरोखर किती आले ते बघा. लिलावात आपण विकायला मात्र दोन्हीकडचं कमिशन डोक्यात धरा.

चालवून बघायला देताना समोरच्याचा विमा आधी तपासा. गाडी न बघताच पूर्ण भाव देतो, आमचा माणूस उचलायला येईल, असं म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नका. पैसे बँकेत जमा झालेले स्वतःच्या खात्यात बघितल्यावरच किल्ली. मग व्ही५सी वरून डीव्हीएलएला ऑनलाइन कळवायचं आणि नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी फाडून हातात द्यायची. टॅक्स गाडीबरोबर जात नाही; त्याने स्वतःचा काढून मगच रस्त्यावर न्यायची, शून्य असला तरी. एखादी गाडी विकली तर स्वतःच्या गाडीवर कॅपिटल गेन्स लागत नाही. वर्षाला तीन-चार विकायला लागलात तर तो धंदा, आणि त्याचा कर वेगळा.

आणि देण्याच्या वस्तूंची यादी करून डिक्कीत ठेवा: दोन्ही किल्ल्या, हूडचं कव्हर, जॅक, स्टेपनी, तारेच्या चाकांचे नट सोडवायचा तांब्याचा हातोडा. माझी यादी नव्हती. आजोबा गाडी घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की हातोडा सापडत नाही. तो माझ्याच बाकावर होता, नट-बोल्टच्या रिकाम्या पिशव्यांखाली. दुपारी खोक्यात घालून पोस्टात नेला, तर काउंटरवरच्या बाईंनी वजन करता करता विचारलं, ‘‘यात काय आहे?’’ हातोडा म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.